सहीच्या आधीचा कायदा

नागपुरात बेसा-मनीषनगरकडे कुणी पंचवीस-तीस लाखांचा फ्लॅट बघायला गेला, तर बिल्डरला आपला प्रकल्प आधी महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवलेला असावा लागतो. जमीन कुणाची, तिच्यावर बोजा किती, कोर्टात काही चालू आहे का, ताबा कधी मिळणार, हे सगळं वेबसाइटवर टाकावं लागतं. २०१६ चा कायदा आहे, महारेराचं काम २०१७ च्या मे महिन्यात सुरू झालं. तेवढीच रक्कम घेऊन राळेगावचा किंवा मेहकरचा माणूस चहाच्या, बालवाडीच्या, कुरिअरच्या नाहीतर लॅबच्या फ्रँचायझीसाठी गेला, तर त्याला काही सांगण्याची सक्ती कुणावरच नाही. कंपनीची किती दुकानं चालू आहेत, किती बंद पडली, जी चालतात त्यांचा गल्ला किती, बोर्डावरचं नाव तरी कंपनीच्या मालकीचं आहे का, यातलं जे विचाराल त्याचं गोड उत्तर मिळतं. जे विचारणार नाही ते कायमचं राहून जातं.

फ्रँचायझी देणाऱ्यावर सही घेण्याआधी ठरावीक माहिती लेखी आणि मराठीत देण्याची सक्ती असली पाहिजे, आणि ती महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्याने करावी, असं माझं म्हणणं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. करार झाल्यावर माझ्याकडे येणाऱ्यांच्या मानाने करार करण्याआधी येणारे फारच थोडे, म्हणून हे लिहितो आहे.

हा पैसा येतो कुठून, तेही बघायला हवं. समृद्धी महामार्ग नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाण्यातून गेला आणि वावराचा मोबदला खात्यात आला. वणी-चंद्रपूर पट्ट्यात कोळसा खाणींसाठी जमिनी गेल्या, कुठे धरणात गेल्या. कुणी शिक्षक म्हणून निवृत्त होतो, कुणी एसटीतून. काही ठिकाणी चांगल्या चालत्या शेतीचा तुकडा विकून पैसा उभा होतो, कारण कपाशी-सोयाबीनच्या भावावर पोराचं आयुष्य उभं करायची हिंमत बापाला होत नाही. आणि शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे आता लपवून ठेवण्यासारखं राहिलेलं नाही. ‘बसस्टँडसमोर स्वतःचं आउटलेट आहे’ या एका ओळीने बायोडेटाला वजन येतं. ब्रँडच्या मार्केटिंगवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ही रक्कम बहुतेकांच्या घरात एकदाच येते. मोबदल्यात गेलेलं वावर दुसऱ्यांदा विकता येत नाही.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सगळं १८७२ च्या करार कायद्यावर, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यावर आणि इकडच्या-तिकडच्या दोन-चार कायद्यांवर चालतं. सरकारला हा व्यवहार दिसतच नाही असंही नाही. २००३ मध्ये फ्रँचायझी सेवेवर सेवाकर लावायचा होता, तेव्हा तिची व्याख्या करून झाली. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्यात कोणते तंटे ‘व्यावसायिक’ मानायचे त्या यादीत फ्रँचायझीचे करार नाव घेऊन आहेत, आणि २०१८ पासून तीन लाखांच्या वरचा दावा तिकडे जातो. कर घ्यायची सोय झाली, भांडायची झाली. सहीच्या आधी घेणाऱ्याला काय कळलं पाहिजे, तेवढं राहिलं.

एक करार जरा जवळून दाखवतो. चहाचा ब्रँड, नाव सांगत नाही. घेणारा तिशीचा कास्तकार, मोबदल्याचे पैसे आणि वर मुद्रा कर्ज. माझ्याकडे आला तोवर दुकानाला आठ-नऊ महिने झाले होते. “साहेब, सही तं कवाचीच झाली, आता सुटायचं कसं ते सांगा,” हे त्याचं पहिलं वाक्य.

करार इंग्रजीत, पानोपान बारीक अक्षरात. फ्रँचायझी शुल्क पाच लाख, कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी नव्वद हजार. चहा-नाश्त्याच्या दुकानाला पाच टक्क्यांचा जीएसटी लागतो आणि त्यात भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तेव्हा हे नव्वद हजार गेले ते गेलेच. मार्केटिंगवाल्याच्या हिशेबात ही ओळ नव्हती. फर्निचर कंपनीच्या ठेकेदाराकडूनच करायचं. पावडर, मसाला, कप कंपनीकडूनच घ्यायचे आणि त्यांचे दर कंपनी केव्हाही बदलू शकेल. रॉयल्टी विक्रीवर, नफ्यावर नाही, आणि विक्री कितीही पडली तरी दरमहा ठरावीक रकमेच्या खाली नाही.

त्या शेवटच्या अटीवर थोडं थांबू. आपल्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. दुपारी बारा ते पाच बाजारपेठेत कुत्रं फिरत नाही, गरम चहा कोण पिणार? पैसा खेळतो तो दिवाळीपासून पुढे, सोयाबीन-कापसाचा चुकारा हातात आला की, आणि तोही भाव बरा असला तर. दरमहा सारखी रॉयल्टी ठरवणाऱ्याने पुण्याच्या हमरस्त्यावरचं दुकान डोळ्यासमोर ठेवलेलं असतं. त्याला दोष देत नाही, तो आपल्या सोयीचा करार लिहिणारच. पण ‘तालुक्याच्या ठिकाणी तुमची दुकानं उन्हाळ्यात किती विकतात?’ हा प्रश्न सहीच्या आधी कुणी विचारला असता आणि लेखी उत्तर द्यावं लागलं असतं, तर या माणसाने एकतर ती अट बदलून मागितली असती नाहीतर उठून घरी आला असता.

शेवटाकडच्या पानावर खरी मेख होती. कंपनीने विक्री किंवा नफ्याबद्दल कोणतंही आश्वासन दिलेलं नाही आणि घेणाऱ्याने कोणत्याही तोंडी माहितीवर विसंबून हा करार केलेला नाही, अशा अर्थाचं कलम. पोराच्या मोबाइलमध्ये मार्केटिंगवाल्याचा आवाज रेकॉर्ड आहे, ‘महिन्याला साठ-सत्तर हजार कुठंच जात नाही भाऊ.’ आणि खाली त्याचीच सही आहे की मला असं कुणी काही सांगितलं नाही. नोटरीसमोर झालेली सही. शिक्का मारायला लागतो तेवढ्याच वेळात तो करार वाचूनही झाला होता.

आता करार कायदा काय म्हणतो ते बघा. खोटं सांगून सही घेतली तर कलम १९ प्रमाणे करार रद्द करून मागता येतो. पण कलम १७ च्या स्पष्टीकरणात एक जुनी गोष्ट आहे: नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, जोवर बोलणं हे त्या माणसाचं कर्तव्य ठरत नाही. आणि कलम १९ ला अपवाद आहे की साधी चौकशी करून खरं कळलं असतं, तर गप्प राहून घेतलेल्या सहीबद्दल तक्रार करता येत नाही. म्हणजे कंपनीची या जिल्ह्यातली निम्मी दुकानं वर्षभरात बंद पडली असतील आणि ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही, तरी कोर्टात उभं राहिल्यावर मला आधी हे सिद्ध करावं लागतं की बोलणं तिचं कर्तव्य होतं. ते कर्तव्य कुठे लिहिलेलं आहे? कुठेच नाही. मी जो कायदा मागतो आहे त्याचं मर्म एवढंच. तो कुणाला नवी शिक्षा देत नाही. बोलण्याचं कर्तव्य लिहून ठेवतो, म्हणजे गप्प राहणं आपोआप १८७२ च्या कायद्याच्या कचाट्यात येतं.

सही झाल्यावर कायदा अगदीच हात वर करतो असं नाही, आणि हे फ्रँचायझी घेतलेल्यांना सांगितलं पाहिजे, कारण बरेच जण कंपनीच्या नोटिशीला भिऊन गप्प बसतात. करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही, ही अट करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची तशी अट मात्र टिकते. गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. करार मोडल्यास अमुक लाख दंड असं लिहिलेलं असलं, तरी कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढंच देतं, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी वाद निवडणारा पंच, कंपनीच एकटी नेमणार ही अट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर उभी राहत नाही. आणि पोटापाण्यासाठी स्वतः राबून दुकान चालवणारा माणूस ग्राहक कायद्याखाली दाद मागू शकतो असं म्हणायला जागा आहे, कारण स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल त्या कायद्याने व्यापारी हेतूतून वगळला आहे. सेवेचा उल्लेख १९८६ च्या जुन्या कायद्यात होता, २०१९ च्या नव्या कायद्यातल्या त्या स्पष्टीकरणात तो नाही. समोरचा वकील पहिली हरकत यावरच घेणार, हे धरून चालायचं.

पण हे सगळं कुठे बोलायचं? त्या करारात लवादाचं ठिकाण गुरुग्राम आणि न्यायाधिकार दिल्लीच्या कोर्टांना. सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी सहसा मान्य केल्या आहेत, २०१३ चा स्वस्तिक गॅसेसचा निकाल बघा. पाच लाखांच्या वादासाठी दिग्रस-दारव्ह्याकडचा माणूस गुरुग्रामच्या पेशीला जाणार, तिकडचा वकील लावणार, लवादाची फी भरणार. त्यापेक्षा पाच लाख बुडाले म्हणून सोडून देणं त्याला स्वस्त पडतं, आणि कंपनीचा वकील ते धरूनच करार लिहितो. पोलिसात गेलं तर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे वाक्य तयार असतं. दर वेळी ते चूकही नसतं.

अमेरिकेत हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच आला. तिथे फेडरल ट्रेड कमिशनचा फ्रँचायझी नियम १९७९ पासून लागू आहे. सहीच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी तेवीस मुद्द्यांचा दस्तऐवज हातात द्यावा लागतो. त्यातला मला सगळ्यात कामाचा वाटतो तो भाग म्हणजे चालू दुकानदारांची आणि नुकतेच बाहेर पडलेल्यांची यादी, संपर्कासह. बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाला एक फोन केला की ब्रोशरमधला अर्धा रंग उडतो. तिथेही फसवणूक संपलेली नाही, फ्रँचायझीधारक तिथेही कोर्टात जातात. पण निदान जाताना त्यांच्या हातात कंपनीने स्वतः लिहून दिलेला कागद असतो.

यावर आक्षेप येणार. धंदा म्हटला की जोखीम आलीच, सज्ञान माणसाने डोळे उघडे ठेवून सही करावी, कायद्याने कुणाकुणाचा हात धरायचा? विदर्भात हे बोलायला जरा जपून बोलावं लागतं. सावकाराने कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं, सही-अंगठा सगळं रीतसर, साक्षीदारही हजर. तरी ती जमीन परत देण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने जिल्हा निबंधकाला दिला आहे. रीतसर सहीमागे नेहमीच मोकळी संमती नसते हे आपल्या विधिमंडळाने एकदा मान्य केलेलं आहे. मी तर त्याच्या पाव हिश्शाएवढंही मागत नाही. झालेला करार सरकारने मोडून द्यावा असं माझं म्हणणं नाही. जोखीम घेणाऱ्याला ती किती आहे ते आधी दाखवा, मग तो बुडाला तर त्याचं नशीब.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. असा कायदा आला तर गुरुग्रामच्या कंपनीला फरक पडणार नाही, तिच्याकडे वकिलांची फौज आहे. मरेल तो आपलाच लहान धंदेवाला. वर्ध्यात तर्री-पोह्याचं दुकान नावारूपाला आलं, आता त्याला हिंगणघाट आणि वरोऱ्यात आपल्या नावाने दुकानं द्यायची आहेत, तो कुठे तेवीस मुद्दे लिहीत बसणार?

म्हणून कायद्यात पायरी असावी. पाचेक दुकानांपर्यंतच्या ब्रँडला दोन पानांचा नमुना पुरे: नाव कुणाच्या मालकीचं, किती दुकानं दिली, किती बंद झाली, कोर्टात काय चालू आहे, आणि विक्रीचे आकडे तोंडी सांगणार असाल तर तेच इथे लिहा. ज्याचा धंदा खरा आहे त्याला हे भरायला एक दुपार लागते. शिवाय असल्या कायद्याची गरज गावच्या ब्रँडवाल्याला घेणाऱ्याइतकीच आहे, फक्त त्याला अजून ते जाणवलेलं नाही. मी पाहिलेले इथले ब्रँडवाले बहुतेक इंटरनेटवरून कुठलातरी करार उतरवून घेतात, त्यात एखाद्या परदेशी शहराचं कोर्ट तसंच राहिलेलं असतं. नावाची नोंदणी झालेली नसते, नुसता अर्ज केलेला असतो आणि बोर्डावर मात्र नोंदणीकृत ट्रेडमार्कचं गोलातलं चिन्ह ठोकून दिलेलं असतं, जे नोंदणी झाल्याशिवाय लावताच येत नाही. वर्षभराने फ्रँचायझीधारक तीच तर्री, तोच आचारी, नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून शेजारी दुकान थाटतो. तेव्हा मालक धावत येतो आणि मी विचारतो, करारात तुझी कोणती कृती गुप्त म्हणून लिहिली आहेस? नाव ट्रेडमार्कच्या कोणत्या वर्गात नोंदवलंस? उपाहारगृहाचा वर्ग त्रेचाळीस, चहा-मसाल्याचा तीस, हे धंदा वाढवण्याआधी बघायचं असतं. आपल्या धंद्याची खरी माहिती कागदावर उतरवायला बसलं की ही भोकं त्यालाच आधी दिसतात.

एक प्रकार मात्र वेगळाच धरला पाहिजे. ‘दुकान आम्हीच चालवू, तुम्ही फक्त पैसे गुंतवा, दरमहा ठरलेला परतावा घ्या’ असं जे सांगितलं जातं, त्याला फ्रँचायझी म्हणूच नये. ती ठेव असते, आणि ठेवींसाठी राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा आहे. इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं तेव्हा पिल्लं देतो-अंडी परत घेतो या कंपनीच्या हमीवर राज्यभरचे शेतकरी अडकलेले निघाले. आणि त्याहून साधी चोरी म्हणजे बनावट वेबसाइट. मोठ्या ब्रँडच्या नावाने फॉर्म, नोंदणी शुल्क, मग फोन बंद. अमूलसारख्या संस्थेलाही २०२० मध्ये अशा साइटींविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. अशात पैसे गेले तर वकिलाआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावायचा, जेवढ्या लवकर लावाल तेवढी रक्कम गोठवली जाण्याची आशा.

कायदा येईल तेव्हा येईल, तोवर दोन जणांना बरंच करता येईल. पहिली बँक. मुद्राची मर्यादा काही कर्जदारांसाठी आता वीस लाखांपर्यंत गेली आहे, आणि शाखेत फ्रँचायझीचं कर्ज कंपनीच्या कोटेशनवर मंजूर होतं. तीच बँक म्हशीसाठी कर्ज देताना जनावराच्या डॉक्टरचा दाखला मागते. चालू दुकानांचे ताळेबंद आणि बंद दुकानांची यादी आणा, मग कर्ज बघू, असं शाखाधिकाऱ्याने म्हटलं तर कुठल्याही कायद्याशिवाय निम्मं काम होईल. शेवटी बुडीत कर्ज त्यांच्याच वहीत दिसणार आहे.

दुसरे आम्ही वकील. तालुक्याच्या बार रूममध्ये करार वाचून देण्याला काम मानतच नाहीत. पक्षकारालाही वाटतं, नुसतं वाचायचे दोन हजार कसले? दावा दाखल करायला तोच पक्षकार वीस हजार काढतो. खरं तर करारासोबत एक संध्याकाळ घालवली की पुरतं: ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव नोंदलेलं आहे की आक्षेपात अडकलंय ते बघायचं, कंपनी मंत्रालयाच्या साइटवर तिने हिशेब वेळेवर दिलेत का ते, ई-कोर्ट्सवर कंपनीचं नाव टाकून तिच्यावर किती दावे आहेत ते. यातलं बहुतेक फुकटात दिसतं. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत सल्ला मिळतो, १५१०० हा त्यांचा क्रमांक. बचत गटाच्या बाईने मसाल्याची एजन्सी घेण्याआधी तिथे करार दाखवावा, हे समितीच्या शिबिरात सांगायला काय हरकत आहे? शिबिरात पोटगी आणि वाटणीच्या पुढे गाडी जात नाही.

राज्य हे करू शकतं का, याचं उत्तर घटनेत आहे. करार हा विषय समवर्ती सूचीत येतो, म्हणजे विधिमंडळाला कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी कुठे विसंगती येत असेल तर राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागेल. महाराष्ट्राला हे नवंही नाही. फ्लॅट विकणाऱ्याने जमिनीची मालकी आणि बोजे खरेखुरे उघड केले पाहिजेत, असं या राज्याने १९६३ च्या मोफा कायद्यात लिहिलं. केंद्राला तिथे पोचायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. आत्ता हवं आहे ते दहा-बारा कलमांचं विधेयक: सहीआधी चौदा दिवस मराठीत माहितीपत्रक, त्यात तीन वर्षांत बंद पडलेल्या दुकानांची यादी, माहितीपत्रक न देता घेतलेलं शुल्क व्याजासह परत, आणि दुकान ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कोर्टाचा न्यायाधिकार कराराने काढून घेता येणार नाही ही एक ओळ. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरतं. आमच्या भागातल्या कुठल्याही आमदाराला अशासकीय विधेयक मांडायचं असेल, तर मसुदा करून द्यायला तालुक्यातले दोन-चार वकील फी न घेता बसतील, मी त्यातला एक.